तत्त्वज्ञानात एम.ए.: चार सत्रांचा आराखडा शेवटाकडून आखा

एम.ए.ला प्रवेश मिळाला की पहिल्या आठवड्यात हाती विषयांची यादी पडते, आणि बहुतेक विद्यार्थी त्या यादीलाच अभ्यासाचा आराखडा समजून बसतात. यादीत 'भारतीय ज्ञानमीमांसा' एवढे दोनच शब्द असतात. कोणता ग्रंथ, किती पाने, कोणत्या भाषेतून, कोणत्या महिन्यात, यातले तिथे काहीच नसते. ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. न ठरवल्याचा फटका तिसऱ्या सत्रात बसतो. प्रकल्पाचा विषय द्यायची तारीख येते आणि तोवर एकही मूळ ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झालेला नसतो.

हा लेख महाराष्ट्र आणि गोव्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तत्त्वज्ञानात पदवी घेतलेल्यांसाठी, आणि वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकीतून येणाऱ्यांसाठीही.

आधी तासांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत दोन वर्षांच्या एम.ए.चा सांगाडा साधारण एकसारखा झाला आहे. चार सत्रे, प्रत्येकी २२ क्रेडिट, एकूण ८८. पहिल्या सत्रात मुख्य विषय, एक ऐच्छिक आणि ४ क्रेडिटची संशोधन पद्धती. दुसऱ्यात संशोधन पद्धतीच्या जागी ४ क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रीय प्रकल्प. तिसऱ्यात ४ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प, चौथ्यात ६ क्रेडिटचा. ऐच्छिक विषय प्रत्येक सत्रात ४ क्रेडिटचा. एका वर्षानंतर ४४ क्रेडिटवर थांबले तर पदव्युत्तर पदविका मिळते. चार वर्षांची ऑनर्स पदवी असेल तर एम.ए. एका वर्षाचे होऊ शकते; पण मग पुढे लिहिलेले पहिल्या वर्षाचे काम पदवीतच झालेले असावे लागते.

लेखी विषयाचे एक क्रेडिट म्हणजे १५ तास वर्ग, प्रकल्प किंवा प्रशिक्षणाचे एक क्रेडिट म्हणजे ३० तास काम. पंधरा आठवड्यांच्या सत्रात २२ क्रेडिट म्हणजे आठवड्याला निदान २२ तास वर्गात आणि प्रकल्पातच जातात. त्यावर स्वतःचे १८ तास धरा. आठवड्याला चाळीस तासांचा हा मामला आहे. पूर्णवेळ नोकरी सांभाळून नियमित एम.ए. करणाऱ्याने हा आकडा आधी कॅलेंडरवर मांडून पाहावा. तो बसत नसेल तर इग्नूचे दूरस्थ एम.ए. हा सरळ मार्ग आहे: किमान दोन, कमाल चार वर्षे, माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. मराठीतून लिहायचे असेल तर मात्र तो उपयोगाचा नाही.

विभाग निवडताना काय पाहायचे

मुंबई, पुणे, नागपूर आणि गोवा या विद्यापीठांत तत्त्वज्ञानाचे अध्यापन विभाग आहेत. काही महाविद्यालयांतही एम.ए. चालते. निवड करताना नाव पाहू नका, तीन कागद पाहा. पहिला, गेल्या दोन वर्षांचे वेळापत्रक. माहितीपत्रकात पंधरा ऐच्छिक विषय छापलेले असतात, प्रत्यक्षात दोन-तीनच शिकवले जातात. वेळापत्रक खोटे बोलत नाही. दुसरा, मागच्या प्रश्नपत्रिका. माध्यम कोणते, प्रश्न ग्रंथावर येतात की नुसत्या 'टिपा लिहा', हे त्यांतून कळते. तिसरा, अंतर्गत आणि सत्रान्त गुणांचे प्रमाण. अनेक ठिकाणी दोन्हींत वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागते, म्हणजे सत्रान्त परीक्षेत उत्तम गुण मिळवूनही राहून गेलेल्या एका निबंधापायी विषय अडकतो.

अनेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेचा पदवीधर प्रवेशाला पात्र असतो. पात्रतेचा मजकूर त्या वर्षीच्या सूचनेत शब्दशः वाचा. दिल्ली, हैदराबाद, जेएनयू, काशी असा विचार असेल तर सीयूईटी पीजी ही परीक्षा आहे. तिथे बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ वजा. तिचे अर्ज राज्यातल्या प्रवेशांच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरावे लागतात. जूनमध्ये जागे होणाऱ्याचे ते वर्ष गेलेच. शिष्यवृत्ती आणि शुल्कप्रतिपूर्तीसाठी महाडीबीटीवरचा अर्ज आणि क्रेडिट खात्याचा एबीसी क्रमांक प्रवेशाच्याच आठवड्यात उरका.

चौथ्या सत्रातून मागे या

आता आराखडा. कागद आडवा धरा, चार रकाने करा आणि उजवीकडून भरायला लागा.

चौथ्या सत्राच्या रकान्यात प्रकल्पाचे क्षेत्र लिहा. विषय नव्हे, क्षेत्र: 'न्यायदर्शनातील ज्ञानविचार', 'आधुनिक महाराष्ट्रातील सामाजिक तत्त्वज्ञान', 'नीतिशास्त्र आणि वैद्यक', 'भाषेचे तत्त्वज्ञान' असे काहीतरी. हे प्रवेशाच्या वेळी ठरत नाही, पण पहिले सत्र संपताना ठरलेले असावे. मग तिसऱ्या रकान्यात त्या क्षेत्राला लागणारा ऐच्छिक विषय, दुसऱ्यात त्याच्या अलीकडचा पाया, पहिल्यात त्यासाठी लागणारी भाषा किंवा साधन.

एक उदाहरण घेऊ. प्रकल्प न्यायातील ज्ञानविचारावर करायचा आहे. मग तिसऱ्या सत्रात भारतीय ज्ञानमीमांसेचा ऐच्छिक विषय हवा. दुसऱ्यात अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह हा न्यायाचा प्राथमिक ग्रंथ, त्याच्याच 'दीपिका' या टीकेसह, वाचून झालेला हवा. तो मराठी भाषांतरावर वाचता येईल, पण प्रकल्पात मूळ वाक्याशी भिडावेच लागते, म्हणून पहिल्या सत्रापासून संस्कृत. आणि चौथ्या सत्रात तुलनेसाठी पाश्चात्त्य ज्ञानमीमांसेतला एखादा लेख. मागे मोजत आल्यावर कळते की चौथ्या सत्रातल्या प्रकल्पाचा पहिला तास जुलै महिन्यातल्या संस्कृतच्या तासिकेला सुरू होतो.

ऐच्छिक विषय सहसा उलट्या रीतीने निवडले जातात: कोण सढळ हाताने गुण देतात, कोणाचा तास दुपारी नाही, मैत्रिणीने काय घेतले. दोन वर्षांनी हाती सौंदर्यशास्त्र, बौद्ध दर्शन, पर्यावरणनीती आणि विज्ञानाचे तत्त्वज्ञान अशी चार सुटी बोटे उरतात, मूठ होत नाही. चारपैकी निदान तीन ऐच्छिक विषय एका दिशेचे असावेत. चौथा खुशाल हौसेचा घ्या.

प्रवेशाआधीचे आठ आठवडे

तत्त्वज्ञानात पदवी नसणाऱ्यांनी हे टाळू नये. असणाऱ्यांनीही एकदा उजळणी करावी. बालभारतीची अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची आणि तत्त्वज्ञानाची पुस्तके संकेतस्थळावर फुकट मिळतात. पदव्युत्तर विद्यार्थ्याला बारावीचे पुस्तक हाती घ्यायला कमीपणा वाटतो. पण विधान, युक्तिवाद, युक्तता, सत्यता या शब्दांचे मराठीतले नेमके अर्थ तिथे आहेत, तितके साफ फार थोड्या ठिकाणी सापडतात. तर्कशास्त्राला पाच आठवडे, तत्त्वज्ञानाला तीन. सगळी उदाहरणे सोडवायची, वाचायची नाहीत.

तर्कशास्त्रावर थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त विद्यार्थी इथेच घसरतात. अनेकांची समजूत अशी की हा एक स्वतंत्र विषय आहे, गणितासारखा, परीक्षेपुरता. मग तो शेवटच्या महिन्यावर ढकलला जातो. शेवटच्या महिन्यात नियम पाठ होतात, हात बसत नाही. सिद्धता लिहिणे हे पोळ्या लाटण्यासारखे आहे. रोज दोन-चार केल्या तर जमते, एका दिवसात शंभर करून नाही. रोज अर्धा तास, चार उदाहरणे, पंधरा आठवडे. तेवढ्यात चारशेच्या वर होतात आणि ते पुरते.

चुका कुठे होतात ते ठरलेले आहे. सत्यता कोष्टकात चले वाढली की ओळी दुप्पट होतात: तीन चलांना ८, चारांना १६, पाचांना ३२. पाचव्या चलापाशी कोष्टक सोडून निष्कर्ष असत्य धरून मागे जाण्याची छोटी पद्धत वापरा. सिद्धतेचे प्रचलित नियम १९ आहेत. त्यांतले पहिले नऊ अनुमानाचे नियम फक्त पूर्ण ओळीला लागतात. उरलेले दहा, एका विधानाजागी सममूल्य विधान ठेवण्याचे, ओळीच्या एखाद्या भागालाही लागतात. हा फरक न पाळता 'जर... तर'च्या पोटातले अर्धे विधान उचलून पुढे जाणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. तिच्यापुढे ओळ कितीही सुबक असली तरी सिद्धता फसलेली असते. विधेय तर्कशास्त्रात 'असे काहीतरी आहे' या प्रकारच्या विधानातून नाव काढायचे असेल तर ते आधी काढा, आणि सिद्धतेत तोवर न आलेले नवे नाव घ्या. 'सर्व'वाले विधान नंतर त्याच नावावर उतरवा. क्रम उलटला की वाट बंद होते, आणि का बंद झाली हे विद्यार्थ्याला कळत नाही.

मराठी, हिंदी, इंग्रजी, संस्कृत: एक वही

माध्यमाचा निर्णय घेताना विद्यार्थी फक्त उत्तरपत्रिकेचा विचार करतात. पण वाचन बहुतांश इंग्रजीत, उत्तरे मराठीत, नेट या अध्यापनाच्या पात्रता परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत, आणि मूळ संज्ञा संस्कृतात, अशा चार भाषांत हा विषय राहतो. एकाच संकल्पनेची चार नावे तर असतातच. त्याहून घातक म्हणजे एकाच नावाचे दोन अर्थ.

'निगमन' घ्या. मराठी तर्कशास्त्रात निगमन म्हणजे आधारविधानांतून निष्कर्ष अपरिहार्यपणे निघतो ती रीत. न्यायदर्शनात निगमन म्हणजे प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पंचावयवी वाक्यातला शेवटचा अवयव. 'न्यायातील निगमनाचे स्थान' या प्रश्नावर पहिल्या अर्थाने चार पाने लिहिली तर चारही वाया. पहिल्या अर्थाच्या निगमनाच्या उलट रीतीला, म्हणजे उदाहरणांवरून सामान्य नियमाकडे जाण्याला, मराठीत विगमन म्हणतात, हिंदीत आगमन. आणि मराठी डोळ्याला आगम म्हणजे शब्दप्रमाण (विश्वसनीय वचनाचा आधार) वाटते. ज्याला आपण चिद्वाद (आयडियलिझम) म्हणतो त्याला हिंदी प्रश्नपत्रिका प्रत्ययवाद म्हणते. आपले 'विधान' तिथे 'प्रतिज्ञप्ति' होते. 'हेत्वाभास' हा शब्द पाश्चात्त्य तर्कदोषांसाठी सैलपणे वापरला जातो, पण तर्कसंग्रहातले पाच हेत्वाभास, म्हणजे सव्यभिचार, विरुद्ध, सत्प्रतिपक्ष, असिद्ध, बाधित, हे सगळे हेतूचे, म्हणजे अनुमानात दिलेल्या कारणाचे, दोष आहेत. पाश्चात्त्य यादीतली 'माणसावर हल्ला' (मत सोडून ते मांडणाऱ्यालाच दोष देणे) ही चूक त्यांत कुठेच बसत नाही.

म्हणून पहिल्या दिवशी एक जाड वही घ्या, पानावर चार रकाने आखा: मराठी, इंग्रजी, हिंदी, संस्कृत. पाचवी जागा एका ओळीच्या व्याख्येला. आठवड्याला दहा संज्ञा. चार सत्रांत सहाशे होतात. पडताळणीसाठी भाषा संचालनालयाचा तत्त्वज्ञान व तर्कशास्त्र परिभाषा कोश आणि दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला तीन खंडांचा मराठी तत्त्वज्ञान महाकोश (१९७४) ग्रंथालयात हाताशी ठेवा. दोन कोशांत प्रतिशब्द वेगळे दिसले तर गोंधळू नका. एक निवडा, कोणता निवडला ते उत्तरात एकदा सांगा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. एका परिच्छेदात बुद्धिवाद, पुढच्यात विवेकवाद असे झाले की परीक्षकाला दोन वेगळी मते वाटतात.

संस्कृत सर्वांनाच हवे असे नाही. प्रकल्प पाश्चात्त्य किंवा उपयोजित बाजूचा असेल तर तो वेळ इंग्रजी वाचनाला द्या. पण भारतीय बाजू धरली असेल तर संधी, विभक्ती आणि समास एवढ्या तीन गोष्टींना सहा महिने, आठवड्याला तीन तास. बौद्ध दर्शनासाठी पालीचा एखादा प्रमाणपत्र वर्ग मिळाला तर घ्यावा. जर्मन, ग्रीक वगैरेच्या मागे एम.ए.त लागू नये.

मूळ ग्रंथ: थोडे, पण पूर्ण

सत्राला दोन मूळ ग्रंथ, एक भारतीय आणि एक पाश्चात्त्य. चार सत्रांत आठ. ही संख्या लहान वाटते. पण अवघड मजकुराचा वेग सुरुवातीला तासाला चार-पाच पाने एवढाच असतो, आणि तो तसाच असावा.

पाश्चात्त्य बाजूला देकार्तच्या सहा चिंतनांपासून (१६४१) सुरुवात करणे सोयीचे. छोटा ग्रंथ, आणि पहिल्या दोन चिंतनांत वाद कसा रचतात ते डोळ्यांसमोर घडते. त्यानंतर ह्यूमची 'एन्क्वायरी' (१७४८). बारा भागांपैकी चौथा आणि सातवा, म्हणजे कार्यकारणाचे, दोनदा वाचा. कान्टकडे थेट 'क्रिटिक ऑफ प्युअर रीझन' या मोठ्या ग्रंथातून शिरू नका. 'प्रोलेगोमेना' (१७८३) त्याने मोठ्या ग्रंथानंतर, तोच विषय थोडक्यात मांडण्यासाठी लिहिला आहे. तो आधी वाचला की 'क्रिटिक'मधली निवडक प्रकरणे पेलतात. नीतिशास्त्रासाठी त्याचाच 'ग्राउंडवर्क' (१७८५) हा तीन भागांचा लहान ग्रंथ आणि शेजारी मिलचा उपयुक्ततावादावरचा पाच प्रकरणांचा. हे दोन्ही एकाच महिन्यात वाचले तर एकाचा दुसऱ्यावरचा आक्षेप आपोआप दिसतो.

भारतीय बाजूला पहिला मान तर्कसंग्रहाचा. आकाराने इवला, पण त्यातल्या संज्ञा कळल्या की बाकीच्या दर्शनांतल्या वादांची भाषा कळते. अथल्ये-बोडसांची इंग्रजी टिपांची जुनी आवृत्ती मुंबईतूनच निघालेली आहे आणि अजूनही उपयोगी पडते. घाई मात्र करू नका. 'तद्वति तत्प्रकारकोऽनुभवो यथार्थः' या एका वाक्याला एक संध्याकाळ लागते: ज्यात जे आहे त्यात तेच विशेषण म्हणून घेणारा अनुभव यथार्थ. शिंपला पाहून चांदी वाटली, तर शिंपल्यात रजतत्व (चांदीपण) नाही, अनुभवात ते आले, म्हणून तो अयथार्थ. हे वाक्य स्वतःच्या उदाहरणाने समजावता आले की पुढे जा. मग ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका आणि ब्रह्मसूत्रांवरील शांकरभाष्यातला अध्यासाचा भाग व चतुःसूत्री (पहिली चार सूत्रे). चौथा ग्रंथ आपल्या क्षेत्रानुसार: नागार्जुनाची निवडक प्रकरणे, किंवा अमृतानुभव, किंवा महात्मा फुल्यांचा सार्वजनिक सत्यधर्म (१८९१).

अमृतानुभव मराठी विद्यार्थ्याच्या हाती असतो आणि वापरला मात्र जात नाही. त्याकडे भक्तीच्या अंगाने पाहायची सवय असते. पण सातवे प्रकरण, अज्ञानखंडन, हा सरळ युक्तिवाद आहे आणि तो त्याच नजरेने वाचला पाहिजे. एकूणच दर्शन म्हणजे अध्यात्म असे धरून आलेल्यांना पहिले सत्र कोरडे वाटते. प्रमाण, हेतू, व्याप्ती यांवर दोन-दोन महिने जातात आणि मोक्षाचे नाव निघत नाही. हा अभ्यासक्रमाचा दोष नाही.

प्रत्येक ग्रंथासाठी वाचनाची एकच रीत: पहिल्यांदा पेन्सिल न घेता सरळ, दुसऱ्यांदा प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला 'मत', 'कारण', 'आक्षेप', 'उत्तर' यांपैकी एक शब्द, तिसऱ्यांदा पुस्तक मिटून तो युक्तिवाद क्रमांक घालून सात-आठ विधानांत लिहायचा. टीकाग्रंथ, इतिहासग्रंथ आणि तयार नोट्स यांची जागा तिसऱ्या वाचनानंतर. आधी नोट्स वाचल्या की मूळ ग्रंथात तेवढेच दिसते जेवढे नोट्समध्ये होते. इंटरनेटवर स्टॅनफर्डचा तत्त्वज्ञानकोश, यूजीसीची ई-पीजी पाठशाला आणि इग्नूचे ई-ज्ञानकोश फुकट आणि भरवशाचे आहेत. मराठीतल्या चर्चेसाठी पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाच्या 'परामर्श' त्रैमासिकाचे जुने अंक चाळा.

आठवडा कसा बसवायचा

स्वतःच्या अठरा तासांची वाटणी अशी करता येते: मूळ ग्रंथ सहा, तर्कशास्त्र चार, भाषा तीन, लेखन तीन, वर्गातल्या विषयांची उजळणी दोन. दुसऱ्या सत्रापासून तर्कशास्त्राचे तास कमी करून वाचनाला द्या. लेखनाच्या तासांना हात लावू नका, कारण परीक्षा जवळ आली की पहिला बळी त्यांचाच जातो.

लेखन म्हणजे आठवड्याला सहाशे शब्दांचा एक तुकडा. रचना ठरलेली: कोणाचे काय म्हणणे, त्याचे कारण काय, त्यावरचा सगळ्यात जड आक्षेप कोणता, त्याला उत्तर आहे का. पंधरा गुणांच्या उत्तरालाही हाच साचा चालतो. 'देकार्तचा जन्म १५९६ मध्ये झाला' अशी सुरुवात करून पाऊण पान चरित्रात घालवणे, 'थोर विचारवंत', 'मोलाचे योगदान' असे शब्द वापरणे, आणि शेवटी 'दोन्ही मतांत तथ्य आहे' म्हणून सुटका करून घेणे, या तिन्हींना तत्त्वज्ञानाच्या उत्तरपत्रिकेत गुण नाहीत.

१२० तासांचे प्रशिक्षण

दुसऱ्या सत्रातले ऑन जॉब ट्रेनिंग चार क्रेडिटचे, म्हणजे १२० तास. 'तत्त्वज्ञानवाल्यांना कोण घेणार' म्हणून हे एप्रिलपर्यंत लांबते आणि मग मिळेल तो शिक्का शोधावा लागतो. जागा आहेत: कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्राच्या तासांना साहाय्य, प्रकाशनसंस्थेत संपादन किंवा अनुवादाची तपासणी, जुन्या ग्रंथालयात हस्तलिखित वा दुर्मिळ पुस्तकांची सूची, रुग्णालयाच्या नीतिसमितीचे कागदपत्री काम, शाळेत मुलांसोबत विचारवर्ग. दुसरे सत्र सुरू होताच विभागाचे पत्र घ्या, संस्थेचे लेखी संमतिपत्र मिळवा आणि रोजच्या तासांची नोंद सहीसह ठेवा. तासांची बेरीज एका पानावर नसेल तर काम करूनही क्रेडिट लटकते. जमल्यास हे काम प्रकल्पाच्या क्षेत्रातच करा. वैद्यकीय नीतीवर लिहिणाऱ्याला नीतिसमितीच्या बैठकांतून जे प्रश्न मिळतात ते पुस्तकांत नसतात.

प्रकल्प: ३०० तास

तिसऱ्या आणि चौथ्या सत्रांचे मिळून दहा क्रेडिट म्हणजे ३०० तास. त्यांतले १२० वाचन-टिपणाला, १०० पहिल्या मसुद्याला, ५० दुरुस्तीला आणि ३० संदर्भ, टंकलेखन, बांधणीला ठेवा. शेवटचे तीस तास सगळे विसरतात.

विषय फसतो तो रुंदीमुळे. 'शंकराचार्य आणि कान्ट: एक तुलनात्मक अभ्यास' हा विषय दरवर्षी कुठे ना कुठे नोंदवला जातो आणि दरवर्षी दोन सारांश शेजारी चिकटवून संपतो. तुलना करायचीच तर दोघांचे लक्ष्य एक असले पाहिजे. उदाहरणार्थ, अज्ञान राहते कुठे? ज्ञानरूप आत्म्यात म्हणावे तर ते टिकणार नाही, बाहेर म्हणावे तर आत्म्यावाचून दुसरे काही नाही. अमृतानुभवाच्या सातव्या प्रकरणात हा मुद्दा आहे, आणि श्रीभाष्यात रामानुजांनी अविद्येवर घेतलेल्या सात आक्षेपांतला पहिला, आश्रयानुपपत्ती, तोही हाच. दोघांचे शेवटचे म्हणणे मात्र एकमेकांपासून फार दूर. एक प्रश्न, दोन ठरावीक मजकूर, एक फरक. प्रकल्प एवढ्याचाच होतो.

दुसरे उदाहरण अमेरिकी तत्त्वज्ञ एडमंड गेटियरचे. १९६३ साली त्याने जेमतेम तीन पानांत दाखवले की मत खरे असले आणि त्याला आधार असला तरी ते ज्ञान असेलच असे नाही. आता वरची यथार्थ अनुभवाची व्याख्या घ्या आणि विचारा: नशिबाने खरे ठरलेले मत तिच्यात बसते का, आणि बसत असेल तर नैयायिकाला, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्याला, त्याची अडचण वाटेल का? विषय एका प्रश्नचिन्हात मावला की तो पुरेसा अरुंद झाला असे समजा.

मार्गदर्शकांकडे रिकाम्या हाताने 'सर, विषय सुचवा' म्हणत जाऊ नका. एका पानावर प्रश्न, दोन मूळ मजकूर, पाच दुय्यम लेख आणि तुम्हाला सध्या वाटणारे उत्तर एवढे लिहून न्या. उत्तर पुढे बदलेल. पण खोडायला काहीतरी असले तरच मार्गदर्शन होते. तिसरे सत्र संपेपर्यंत एक पूर्ण प्रकरण लिहून झालेले असावे, मग ते कितीही कच्चे असो.

वाङ्मयचौर्याबाबत यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये ठरलेल्या मुदतीत सुधारित प्रत द्यावी लागते, त्यापुढे शिक्षा वाढत जाते. मराठीत लिहिणाऱ्यांचा एक गैरसमज असा की इंग्रजी लेखाचे भाषांतर सॉफ्टवेअरला सापडत नाही म्हणून ते चालते. सॉफ्टवेअरला नाही सापडले तरी परीक्षकाला सापडते. मराठी वाक्याची चाल इंग्रजी झाली की अनुभवी वाचक दुसऱ्या ओळीला ओळखतो. भाषांतर केले तर तसे लिहा आणि पान द्या.

नेट, सेट आणि गुणपत्रक

अध्यापनाकडे जायचे असेल तर तिसरे सत्र संपल्यावर नेटचा अर्ज करता येतो. शेवटच्या वर्षातल्यांना परवानगी आहे. पेपर पहिला ५० प्रश्नांचा, सर्वांना समान. दुसरा तत्त्वज्ञानाचा, १०० प्रश्नांचा. प्रत्येक प्रश्नाला २ गुण, चुकीला वजाबाकी नाही, दोन्ही मिळून तीन तास. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमाचे दहा घटक आहेत आणि त्यांत तर्कशास्त्र हा एक पूर्ण घटक. विद्यापीठाच्या विषयांतून त्यांतले सहा-सात होतात. राहून जातात ते सहसा भारतीय सामाजिक-राजकीय विचार, समकालीन भारतीय तत्त्वज्ञान आणि उपयोजित तत्त्वज्ञान. पहिल्या वर्षाची उन्हाळी सुट्टी यांना द्या. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट परीक्षा पुणे विद्यापीठ घेते. तिच्यासाठी वेगळा आराखडा लागत नाही.

या दोन्ही परीक्षांसाठी एम.ए.ला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्ग आणि दिव्यांगांना ५०. गुणपत्रकावर टक्के नसून सीजीपीए असतो, आणि त्याचे टक्क्यांत रूपांतर प्रत्येक विद्यापीठ आपल्या सूत्राने करते. त्या सूत्राचा अधिकृत कागद किंवा रूपांतर प्रमाणपत्र शेवटचे गुणपत्रक घेताना त्याच खिडकीवर मागून घ्या. नंतर मुलाखतीच्या आदल्या आठवड्यात त्यासाठी परीक्षा विभागाच्या फेऱ्या माराव्या लागतात.